पोटाची नऊ घरे

अमरावती, ता. ३ डिसेंबर १८६४

बाई,

खुशालचा दंडवत. दोन वर्षांनी थोरल्या बहिणीला पत्र लिहितो आहे. शकुन म्हणते, "वन्सं ते न ऐकताच चुलीत सारतीन." सारू नकोस. काम माझ्या घरचे नाही, साऱ्या वऱ्हाडातल्या बायांचे आहे.

इथल्या दवाखान्यात सुइणींसाठी वर्ग काढायची परवानगी मिळाली आहे. शिकवणार मी. त्यासाठी शरीराची ओळख करून देणारे एक लहान पुस्तक मराठीत लिहायला घेतले, आणि पहिल्याच पानावर अडलो. मुंबईच्या वैद्यकशाळेत मी तीन वर्षे प्रेते उघडून पाहिली. दोनशेवर हाडांची लॅटिन नावे मला झोपेतून उठवले तरी सांगता येतात. पुण्याचे एक शास्त्री त्याच हाडांना संस्कृत नावे बनवून पाठवतात. ती म्हणताना जबड्याचे हाड निखळेल असे वाटते. मला ही दोन्ही नकोत. बाळंतिणीजवळ बसलेली बाई जे नाव तोंडाने उच्चारते ते मला हवे. तू सासूच्या हाताखाली हे काम शिकलीस आणि वीस वर्षे केलेस. म्हणून तुला विचारतो. बरगड्यांच्या खाली आणि कमरेच्या हाडाच्या वर, दोन्ही अंगांना जो मऊ भाग असतो त्याला अकोटकडे काय म्हणतात? बेंबीखालच्या भागाला काय? मूल हाडांच्या ज्या कड्यातून बाहेर येते त्या कड्याला काय? आणि गर्भ ज्या पिशवीत वाढतो, तिच्या तोंडाला काय?

मागच्या शुक्रवारी कापसाच्या बाजारात एका गाठीवर चढून मी हेच बोललो. म्हणालो, "तुम्ही चिमूटभर कापूस बोटांत धरून बनी जात कोणती आणि जरी कोणती ते डोळे मिटून सांगता. त्याच हातांना, आपल्याला जन्म दिलेल्या शरीरात काय कुठे आहे हे सांगता येते का?" एक अडत्या हसून ओरडला, "डॉक्टरसायब, बायकायच्या गोष्टी बजारात कायले?" मी म्हणालो, "कारण बाया घरात मरतात आणि त्यांना मारणारी लाज बाजारात बसते!" ज्या भागाला नाव नाही तिथले दुखणे सांगता येत नाही. सांगता येत नाही त्यावर इलाज होत नाही. हे मी दगडावर कोरून द्यायला तयार आहे.

दोन वर्षांपूर्वी अकोटच्या बाजारात मी सुइणींबद्दल जे बोललो त्याविषयी इथे काही लिहीत नाही. ते बोलणे तत्त्वाचे होते.

शकुनला सातवा सरत आला आहे. पहिल्या खेपेसारखे या खेपेला होणार नाही. मी स्वतः घरात आहे.

तुझा भाऊ,
खुशालराव


अमरावती, ता. १४ डिसेंबर १८६४

बाई,

तुझे उत्तर पोचले. इनायतुल्ला चाचांचे अक्षर ओळखले. मुनशीगिरी सुटली तरी लेखणीची ऐट गेलेली नाही. गावातल्या निम्म्या बायांची पत्रे तेच वाचतात आणि लिहितात, तेव्हा तुझेही तेच लिहिणार हे धरून चाललो होतो. पण मजकूर पाहून कपाळावर हात मारला. मी चार भागांची नावे विचारली. उत्तर आले: पोट, पोट, पोट आणि पोट.

मला राग आला, तो तसाच लिहितो. अकोटात बारा खणांचे घर बांधणारा माणूस ओसरीला ओसरी म्हणतो, माजघराला माजघर म्हणतो. साऱ्याला नुसते 'घर' म्हटले तर आग कुठे लागली ते कोणाला कळेल? शरीर त्याहून नीट बांधलेले आहे. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर आधी बारीक कण दिसतात. कणांचे तंतू होतात, तंतूंचे पडदे होतात, पडद्यांचे अवयव होतात: हृदय, यकृत, गर्भाची पिशवी. अवयव मिळून एकेक कारभार चालवतात. कोणी रक्त फिरवतात, कोणी अन्न जिरवतात, कोणी वंश वाढवतात. छाती वेगळी, पोट वेगळे, मध्ये मांसाचा जाड पडदा. पोटाच्या खाली कमरेच्या हाडांचे कडे. जसे बोंडापासून सूत, सुतापासून कापड आणि कापडापासून लुगडे, तसे हे आहे. आणि तू मला 'पोट' लिहून पाठवतेस!

आता दुसरी गोष्ट. गंगूबाई म्हणून इथली सुईण आहे. वर्गाला ये म्हणायला गेलो तर दारातच म्हणाली, "तुमी अकोटात आमाले काय काय म्हनलं ते आमाले मालूम हाये. तुमच्या शाळंत आमचं काय काम?" पण शकुनला पाहायला मात्र आली. हात फिरवून म्हणाली, "आडवं हाये." शकुन भिंतीकडे तोंड करून एवढेच म्हणाली, "पयल्यासारखंच."

मी शास्त्राने लिहितो, तू कामाने उत्तर दे. मुलाचे डोके आईच्या डाव्या कुशीत आहे. कुले उजव्या कुशीत. खालचे हाडांचे कडे रिकामे, तिथे काहीच उतरलेले नाही. अशा वेळी तू काय करतेस, ते सविस्तर कळव. घाबरून विचारत नाही. पुस्तकासाठी उपयोगी पडेल.

खुशाल


अमरावती, ता. २३ डिसेंबर १८६४

इनायतुल्ला चाचा,

सलाम. हे पत्र तुम्हाला आहे. बाईला मोठ्याने वाचून दाखवू नका. आधी एकटे वाचा.

माझ्या मागच्या पत्राला बाईचे उत्तर आले: "शकुनच्या पोटात दुखत असल्यास ओवा व सैंधव द्यावे, विटेने शेकावे." मी दोनदा वाचले. माझी बहीण चिडकी आहे, हट्टी आहे, पण आडव्या मुलाला ओवा सांगणारी नाही. मग काल तुमच्या गावचा नत्थुजी गाडीवान बोट चेंगरले म्हणून दवाखान्यात आला. पट्टी बांधता बांधता त्याला विचारले, बाईकडे पत्र वाचतात तेव्हा कोण कोण असते? तो हसायलाच लागला.

"अवो, सारी ओसरी भरलेली राह्यते. रेच्यावर सरकी काढाले सा-सात बाया बसल्या राह्यतेत. चाचा उभ्यानं वाचतेत. जिथी बाईमाणसाची गोष्ट आली का खोकलतेत, अन् म्हनतेत 'पोट'. तुमच्या मागल्या कागदाले तं इतके खोकलले का तुमच्या बहिनीनं, पार्बताबाईनं, पानी आनून देल्लं."

चाचा, मी तुमच्या मांडीवर बसून मोडी गिरवली. तुमच्या सभ्यतेवर बोट ठेवायची माझी हिंमत नाही. सत्तर वर्षांच्या माणसाने विधवा बाईपुढे आणि सात परक्या बायांपुढे ते शब्द कसे उच्चारावेत, हा प्रश्न मला कळतो. पण हे पाहा. मी लिहिले की डोके डाव्या कुशीत, कुले उजव्या कुशीत, कडे रिकामे. तुम्ही वाचलेत, पोटात, पोटात, पोट. माझ्या बहिणीने ऐकले की भावजयीचे पोट दुखते, आणि तिने ओवा सांगितला. तिने काही चूक केली नाही. तुम्हीही अदब राखलीत. मी शास्त्रशुद्ध लिहिले. तिघांनी आपापले काम नीट केले, आणि मूल आडवेच राहिले. महिन्या-सव्वा महिन्यात शकुन बाळंत होणार. आडवे मूल बाहेर येत नाही, चाचा. ते आईलाही घेऊन जाते.

मी तुमच्या तोंडून एकही नको तो शब्द वदवणार नाही. सोबत एक चित्र पाठवतो आणि बाईला वेगळे पत्र. चित्र बाईच्या हातात द्या. पत्रात मी भागांची नावे लिहिलेली नाहीत, आकडे लिहिले आहेत. आकडा म्हणायला तुम्हाला खोकला येऊ नये. तुम्ही आयुष्यभर कचेरीत आकडेच वाचलेत. एकही आकडा गाळू नका, एकही बदलू नका. एवढे करा.

तुमचा शागीर्द,
खुशाल


त्याच पाकिटात

बाई,

हातातले चित्र सरळ धर. बाई उभी आहे, तोंड तुझ्याकडे. हात बाजूला सोडलेले, तळवे पुढे. सारे जग शरीराचे वर्णन करताना माणसाला असेच उभे करते. मुंबईला मला वाटायचे, हे कसले भिकाऱ्यासारखे उभे राहणे! मग समजले. तळहात उलटा केला की कोपराखालची दोन हाडे एकमेकांवर चढतात. तळवा पुढे ठेवला की ती शेजारी शेजारी, न गुंतता राहतात. सारे उघडे आणि सरळ.

दुसरी खूणगाठ. उजवे म्हणजे चित्रातल्या बाईचे उजवे. ते तुझ्या डाव्या हाताला पडते. इथे भल्याभल्यांची चूक होते, तुझी होऊ नये.

तिच्या पोटावर मी दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा ओढल्या आहेत. नऊ घरे झाली. वरच्या ओळीत तिच्या उजवीकडून एक, दोन, तीन. मधल्या ओळीत चार, पाच, सहा. पाचाच्या मधोमध बेंबी. खालच्या ओळीत सात, आठ, नऊ. आठाच्या खाली ते हाडांचे कडे, ज्यातून रस्ता जातो.

आता ऐक. डोके सहावर आहे. बैठक चारवर आहे. आठ रिकामे आहे.

बाई, मी तीन ओळींत जे सांगितले ते मागच्या दोन पत्रांत सांगता आले नव्हते.

आणखी एक लिहायचे आहे. त्यासाठी आकडे लागत नाहीत, चाचांना ते वाचता येईल. ओसरीवरच्या बायांनीही ऐकावे.

दोन वर्षांपूर्वी शकुन तुझ्याकडे बाळंतपणाला होती. तिला आई नाही, म्हणून मीच पाठवले होते. आठव्या महिन्यात तू कळवलेस, मूल आडवे आहे, फिरवते. मी मुंबईहून नुकताच आलो होतो. डोक्यात पुस्तके होती. मी उत्तर लिहिले: "शकुनच्या पोटाला हात लावू नकोस. असल्या अडाणी चोळण्याने मुले मरतात. निसर्ग आपले काम करील." त्या पत्रात पोट एवढाच शब्द होता, म्हणून चाचांनी ते अक्षरन् अक्षर वाचले असेल. तू माझे ऐकलेस. मुलाचा हात आधी आला. मूल गेले, शकुन जेमतेम वाचली. आणि मी अकोटला येऊन, भर बाजारात उभा राहून, सुइणींच्या हाताला बाळांचे रक्त आहे असे तासभर बोललो. सगळ्यांना ठाऊक होते मी कोणाबद्दल बोलतो आहे. तू घरात माझे पत्र ठेवून बसली होतीस. बाहेर येऊन ते दाखवले असतेस तर मी तिथेच आडवा झालो असतो. तू दाखवले नाहीस.

पहिल्या पत्रात मी त्या भाषणाला तत्त्व म्हटले. ते तत्त्व नव्हते. मला कोणावर तरी ओरडायचे होते आणि मला ओरडता चांगले येते.

शकुन दोन वर्षांपासून मला आपल्या अंगाला वैद्य म्हणून हात लावू देत नाही. "तुमचा हात नको," म्हणते. म्हणून मला जे माहीत आहे ते गंगूबाईच्या तोंडचे आहे. आडवे मूल बाहेरून कसे फिरवतात हे मी वाचले आहे. पाहिलेले नाही. आमच्यासमोर होती ती प्रेते होती, आणि ती फिरत नव्हती.

मला कळव, मी काय करू?

खुशाल


अमरावती, ता. ४ जानेवारी १८६५

बाई,

उत्तर मिळाले. असे उत्तर मला कोणत्याही प्राध्यापकाने दिले नाही! ते मी पुस्तकात जसेच्या तसे उतरवून घेतले आहे:

"सहावरचं डोकं नऊवर न्या लागते, नऊवरून आठवर. तवाच चारवरची बैठक एकवर, एकवरून दोनवर. दोन्ही हात संगमंग चालले पाह्यजेत. एकानं ढकलू नाई, दोघांनी वळवा. पोट ताठ झालं का थांबा. मऊ झालं का पुढं. बाईले दुखलं तं सोडून द्या, दुसऱ्या दिवशी पाहा. पाठ कोन्या अंगाले हाये? रक्त दिसलं का? पोर हालते का? हे सांग."

आणि त्याखाली: "खुशालनं पोटाले हात लावू नाई. मी येते."

हात लावू नाई. माझेच शब्द मला परत आले, बाई, आणि या खेपेला ते बरोबर आहेत. चाचांनी शेवटी आपली एक ओळ जोडली आहे: "खुशालमियाँ, सर्व आकडे बिनचूक वाचले. ओसरीवरच्या बायांनी चित्र चार वेळा मागून घेतले. आता त्या आपापसात आकड्यांतच बोलतात. मला उठून जावे लागते." चाचांना सांग, शास्त्र असेच पसरते.

तुझ्या प्रश्नांची उत्तरे गंगूबाईकडून घेतली. पाठ पुढच्या अंगाला आहे, बेंबीच्या मागे लांब आणि गुळगुळीत लागते. रक्त अजिबात नाही. मूल हलते; लाथा शकुनच्या उजव्या कुशीत, म्हणजे चारवर.

अडचण गाडीची आहे. अमेरिकेत लढाई चालू आहे, तिकडचा कापूस विलायतेला जात नाही, तोवर इथल्या बैलाला मान वर करायला उसंत नाही. दमणी नाही, छकडा नाही; मामलेदाराच्या घरचे बैलही कापसाला जुंपले आहेत. दोन दिवस मी सराफ्यापासून बडनेऱ्याच्या वाटेपर्यंत प्रत्येकाला विचारले. सगळे म्हणतात, माणसे नेण्यात काय आहे? शेवटी नत्थुजीला धरले. तो या आठवड्यात अकोटहून कापूस भरून इकडे निघेल. म्हणाला, "गाडीत जागा नाई. पार्बताबाई कापसाच्या वर बसत असंल तं आनतो. पडली तं बोल मले लावू नका." मी म्हटले, ती पडणारी बाई नाही. दर्यापुरावरून तीन दिवस लागतील. बरोबर जाड घोंगडी घे, वाटेत वारा बोचरा आहे.

शकुनला सांगितले की तू येणार. दुपारी बघतो तर तिने तुझ्यासाठी ज्वारी निवडायला घेतली होती.

खुशाल


अमरावती, ता. १८ जानेवारी १८६५

बाई,

तू काल सकाळी निघालीस आणि आज मी लिहायला बसलो. जे घडले ते तुझ्याच हातांनी घडले. मग तुला काय सांगायचे? तरी सांगतो. तू सात दिवस इथे होतीस आणि एकदाही माझ्याकडे पाहिले नाहीस. म्हणून माझ्या बाजूने काय दिसले ते तुला ठाऊक नाही.

कापसाच्या ढिगावर बसून तू आमच्या गल्लीत शिरलीस तेव्हा तुझ्या केसांत, पापण्यांत, लुगड्यात सगळीकडे कापूस होता. मी हात द्यायला पुढे झालो. तू नत्थुजीच्या खांद्यावर हात ठेवून उतरलीस आणि शकुनला म्हणालीस, "काय वं शकुन, तुह्या घरी पाय धुवाले पानी हाये का नुसते भाषणंच हायेत?" मी पाणी आणले. तेही तू शकुनच्याच हातून घेतलेस.

सात दिवस सगळे शकुनच्या मार्फत. "तुह्या नवऱ्याले सांग, बाजूले सरक." "तुह्या नवऱ्याले सांग, तेल कोमट कर, उकळू नको." "त्याले विचार, एवढं शिकला तं बाईले उताणं निजवल्यावर गुडघ्याखाली उशी द्या लागते हे कोनी नाई सांगतलं का?" कोणी सांगितले नव्हते, बाई. प्रेताला उशी लागत नाही.

पहिल्या दिवशी तू नुसता हात ठेवून बसलीस. मला वाटले आता सुरू करशील, पण तू शकुनशी कोणाच्या तरी लग्नातल्या रुसव्याची गोष्ट सांगत होतीस. ती हसली. दोन वर्षांनी मी तिचे ते हसू ऐकले. तेव्हा मला कळले की तू काम केव्हाच सुरू केले होतेस. पोट मऊ पडायला ती गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी तू थोडे वळवलेस, पोट ताठ झाले, थांबलीस. गंगूबाई तुझ्या समोर बसून तुझ्या बोटांकडे पाहत होती आणि पुटपुटत होती, "सहा... सहा... आता नऊ." चित्र तिने भिंतीला टेकून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी शकुनने "अगं आई" म्हटले, आणि तुझा डावा हात एवढासा, खरोखर एवढासा सरकला. माझ्या डोळ्यांदेखत पोटाचा आकार बदलला. रुंद होते ते लांबट झाले. मी उंबऱ्यात उभा होतो.

मग तू म्हणालीस, "शकुन, तुह्या नवऱ्याचा हात लावू का?"

शकुनने खूप वेळ घेतला. मग मानेने हो म्हणाली. तू माझ्याकडे न बघता माझे मनगट धरलेस आणि माझा तळहात आठावर टेकवलास. कातडीच्या खाली, पोटाच्या भिंतीखाली, पिशवीच्या आत काहीतरी कठीण आणि गोल होते. तू माझी बोटे दाबून ते किंचित हलवलेस. ते टुणकन बाजूला गेले आणि परत आले. "हे डोकं," तू म्हणालीस. मला म्हणालीस की गंगूबाईला, माहीत नाही. कवटीची आठ हाडे मी हातात घेऊन पाठ केली आहेत. ती आठही हाडे तेव्हा माझ्या हाताखाली होती आणि जिवंत होती.

पुढचे चार दिवस तू फक्त राखण केलीस. दोन्ही अंगांना घड्या घालून पट्टा बांधलास, रोज सोडून पाहिलेस. ते आठावरच राहिले. जाताना गंगूबाईला म्हणालीस, "पट्टा ढिला होऊ देऊ नको. कळा आल्या का त्याले घरात ठेवू नको, तो शिकवत बसंल."

शुक्रवारी तू शकुनला न्हाऊ घालत होतीस तेव्हा मी बाजारात होतो. गाठीवर चढलो. तुला लिहिलेले ते जुने पत्र शब्दन् शब्द म्हणून दाखवले, आणि ते कोणी लिहिले तेही सांगितले. म्हणालो, "ज्ञान दोन जागी आहे. एक माझ्या पुस्तकात आहे आणि एक माझ्या बहिणीच्या हातात. पुस्तकाने दोन वर्षांपूर्वी हाताला गप्प केले आणि मूल मेले. यापुढे या गावात जो कोणी पुस्तकाच्या जोरावर सुइणीला गप्प करील त्याला माझ्याशी बोलावे लागेल!" तोच अडत्या पुढे बसला होता. या खेपेला तो हसला नाही, जाताना हळूच विचारले, "वर्ग कोनत्या वारी हाये? माह्या भावजयीले धाडतो." गंगूबाई येणार आहे. तिच्याबरोबर आणखी चौघी. अट एकच घातली त्यांनी: नऊ घरांपासून सुरू करायचे, लॅटिन नंतर.

अकोटच्या बाजारातही बोलणार आहे. तू नको म्हटलेस तरी बोलणार. तिथेच बोललो होतो.

खुशाल


अमरावती, ता. ३ फेब्रुवारी १८६५

बाई,

डोके आधी आले.

काल सकाळी कळा सुरू झाल्या. गंगूबाईने तुझा शब्द पाळला, मला घराबाहेर काढले. मी ओट्यावर बसलो. आतून तिचा आवाज येत होता, "आठावर हाये शकुन, आठावरच हाये, खाली उतरून राह्यलं, दम धर." मला एकेक टप्पा माहीत होता. हाडांच्या कड्यात डोके शिरते, हनुवटी छातीला टेकते, डोके वळते, मग मान सरळ होते. हे सगळे मी वर्गात शिकवले असते. ओट्यावर बसून मी फक्त दोन्ही हातांनी माझे गुडघे धरून ठेवले. दुपारी ऊन अंगणात आले आणि गंगूबाई ओरडली, "डोकं दिसून राह्यलं!" मग रडणे ऐकू आले. शकुनचे नव्हते.

मुलगी आहे. दोघी सुखरूप. वार पूर्ण पडली, रक्त बेताचेच गेले. शकुनने दूध पाजले आणि झोपली. उठल्यावर पहिला शब्द तुझा: "वन्संले कळवलं का?"

गावातले लोक विचारतात, डॉक्टर, पोरीचे नाव काय? मी सांगतो, नाव ठेवणे आत्याचे काम, ते माझ्या अखत्यारीतले नाही. माझे पुस्तक आता निम्मे झाले आहे, सगळ्या भागांना तू गंगूबाईला सांगितलेली तुमच्या ओसरीवरची नावे लागली आहेत. पण पाळण्यात जी आहे तिला मी काही म्हणू शकत नाही. शकुन तिला नुसते "ए" म्हणते.

बारसे तेरा तारखेला. नत्थुजी आठ तारखेला गाडी घेऊन तुझ्या दारात येईल. या खेपेला गाडीत कापूस नाही, मी सगळी तुझ्यासाठी ठरवली आहे. चाचांनाही बरोबर आण. त्यांना म्हणावे, पोरीला पाहायला कोणताही शब्द उच्चारावा लागत नाही.

रीतीप्रमाणे नाव आधी तिच्या कानात सांग. मग मला सांग, बाई. शकुनच्या मार्फत नको. माझ्याकडे बघून सांग.

खुशाल